पहिल्या पानाचा मान

मराठी माणसाला साऱ्या जगाची ओळख करून द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा मी स्वतः सांगलीहून मिरजेच्या पलीकडं फक्त एकदाच गेलो होतो. डोळे तपासायला मिरजेत उतरायचं होतं, पण गाडीत डुलकी लागली आणि जाग आली ती कुडचीला. कुडची कर्नाटकात असल्यामुळं तेवढा एक परप्रांताचा अनुभव माझ्या गाठीशी होता, आणि तो मी पहिल्या अंकाच्या संपादकीयात दोन ठिकाणी वापरलाही होता.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. भूगोलाच्या तासाला सर इटली शिकवत होते. इटलीचा आकार बुटासारखा, इटलीची राजधानी, इटलीतली मुख्य पिकं. माझ्या शेजारी बसणारा कृष्णात अचानक उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तितं जेवायच्या टायमाला पाव्हणा आला, तर काय करत्यात?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही. बस खाली."

कृष्णात बसला, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. खरंच, काय करत असतील? 'बसा जेवायला' म्हणत असतील, की ताट झाकून ठेवत असतील? तास संपल्यावर आम्ही कॉलेजसमोरच्या गाडीवर चहा प्यायला गेलो आणि एकेक प्रश्न निघत गेला. रशियात भाऊ वेगळे झाले की गुरं कशी वाटून घेतात? आफ्रिकेत सोयरीक कोण जमवतं? जपानात सासू-सुनेचं पटतं का? तिसरा चहा येईपर्यंत आमची खात्री झाली, की राजधान्या आणि निर्यात सोडून जगातल्या माणसांबद्दल जे काही उरतं ते आम्हांला अजिबात माहीत नाही, आणि ते सगळं छापणारं एक मासिक निघालंच पाहिजे. नाव ठरलं 'विश्वांगण'. मी संपादक झालो आणि कृष्णात संपादक मंडळ झाला.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "घरचं अंगण झाडायला सांगितलं की तुझी कंबर धरते. विश्वाचं कोण झाडणार?" वडील पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षाही केली नव्हती.

गल्लीनं मात्र मला एकटं पडू दिलं नाही. शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, "परदेशातल्या बायका उन्हाळी कामं करतात का, तेवढं लिही बाबा. तिकडं म्हणे सहा सहा महिने ऊन नसतं. मग कुरडया कशा वाळवतात?" प्रश्न चांगला होता म्हणून मी टिपून घेतला. माडीवरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, की राशिभविष्य नसलेलं मासिक चालल्याचं त्यांनी हयातीत पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "सर, हे जगाविषयी आहे." ते म्हणाले, "मग देशांचं भविष्य दे. मला काय, कर्क राशीचं तेवढं नीट लिही."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी परवानगी दिली, जिन्याखालची खोलीही दिली, पण दोन अटी घातल्या. एक, मासिकाच्या नोंदणीचं सरकारी डिक्लेरेशन रीतसर झालं पाहिजे. दुसरी, गॅदरिंगच्या आत पहिला अंक हातात पडला पाहिजे, नाहीतर खोली खो-खोच्या संघाला. खो-खोचा कप्तान त्याच दिवशी येऊन खोलीची उंची बघून गेला.

डिक्लेरेशनसाठी मी कचेरीत गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी माझा अर्ज लांब धरून वाचला.

"कार्यक्षेत्र विश्व? असं चालत नाही. तालुके लिहा."

मी म्हटलं, "सगळेच तालुके."

"सगळे म्हणजे जिल्ह्याबाहेरचे पण? मग हे आमच्याकडं येत नाही, कमिशनरकडं जा. आणि हे काय, सांस्कृतिक? सांस्कृतिक असेल तर करमणूक करवाल्यांची ना हरकत लागेल."

करमणूक करवाल्यांनी मला किती खेळ लावणार ते विचारलं. मी म्हटलं, "महिन्याला एक." ते म्हणाले, "बायका नाचणार आहेत का?" मी मान ताठ ठेवून म्हटलं, "नाचल्याच तर लेखात." त्यांनी मला पोलिसांकडं धाडलं, पोलिसांनी लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करण्याच्या अटीवर हरकत नसल्याचं लिहून दिलं, आणि तो कागद घेऊन मी पुन्हा भाऊसाहेबांच्या पुढं उभा राहिलो. त्यांना बहुधा माझी दया आली असावी. त्यांनी स्वतःच्या हातानं रकाना भरला. 'कार्यक्षेत्र : विश्व (मिरज तालुक्यासह).' आजही माझं मत आहे, की आमच्या मासिकाचं ध्येय इतक्या नेमक्या शब्दांत दुसऱ्या कुणाला मांडता आलं नसतं.

आता मजकूर. मी दिल्लीतल्या सगळ्या वकिलातींना पत्रं लिहिली, आणि आश्चर्य म्हणजे गुळगुळीत कागदांचे गठ्ठे यायला लागले. पोस्टमन आमच्या घराला वचकून वागू लागला. पण त्या गठ्ठ्यांत होती फक्त धरणं, ट्रॅक्टर आणि यंत्राकडं बघून हसणारी माणसं. एकही माणूस जेवताना नाही, भांडताना नाही, कुणाच्या दारात उभा राहून 'आहे का घरात' म्हणून हाक मारताना नाही. लीलाबाईंनी गठ्ठे मागून नेले आणि त्या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या वह्यांना परदेशी धरणांची कव्हरं चढली.

मी खचलो. तेव्हा कृष्णात म्हणाला, "आमच्या गावाला चल गड्या. आमच्या गावानं जग बघितलंय."

त्याचं गाव पलूसच्या अलीकडं. चारी बाजूंनी ऊस, आणि घराआड एक माणूस फौजेत. कृष्णातचे चुलते हंबीरराव, वरच्या आळीतले निवृत्त सुभेदार, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. ते सोप्यात मिशा सावरून बसले होते. मी वही उघडली आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, इटलीत जेवायच्या वेळी पाहुणा आला तर काय करतात?"

"काय करत्यात? बसवत्यात," हंबीरराव म्हणाले. "आमी तर शत्रूच्या बाजूनं लढत आल्यालो. तरीबी म्हातारी म्हनायची, बसा. मक्याच्या पिठाचा घाटा करत्यात तितं. मोठ्या कढईत घोटत बसायची, हाताला कळ येस्तवर. मग लाकडी पाटावर वतायची आन् दोऱ्यानं कापायची. दोऱ्यानं, बरं का! सुरीनं न्हाई."

मी लिहीत सुटलो. घरांच्या गॅलरीला टांगलेली मक्याची कणसं, कौलांवर वाळत घातलेले टोमॅटो, पोरगं रडलं की त्याच्या तोंडापुढं बोटं नाचवून केलेला आरडाओरडा. असला आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता. टोमॅटो कौलावर वाळतात म्हणजे लीलाबाईंच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर मिळालं.

खांबाजवळ एक बाई बसून ऐकत होत्या. पन्नाशीच्या असतील, कपाळ मोकळं. त्या राहीबाई. त्यांचे मालक गुंडा हंबीररावांच्याच पलटणीत होते आणि इटलीतून परत आलेच नाहीत. फौजेकडून एक कागद आला होता, त्यात 'इतमामाने अंत्यसंस्कार' एवढं होतं. मी उठायला लागलो तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "लेकरा, इटलीचं पुस्तक काढतुयास न्हवं? मग तितं मानूस मेल्यावर काय करत्यात, तेबी लिव. आमच्या मालकाचं काय केलं, मला अजून कुनी सांगितलं न्हाई."

मी हंबीररावांकडं पाहिलं. ते एकदम उठले. "उद्या सांगतो. म्हशीची धार काढायची हाय." सुभेदारसाहेबांच्या घरी म्हशीची धार काढायला दोन गडी होते. पण मी राहीबाईंना सांगून बसलो, "मावशी, नक्की लिहीन." त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या तोंडावर विश्वास काही दिसला नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी विचारायला जाणार, तोच कृष्णात म्हणाला की खालच्या आळीतल्या आकाराम हवालदारांना भेटल्याशिवाय गाव सोडता येणार नाही. आकाराम ब्रह्मदेशात लढलेले, गुंडाचे सख्खे चुलतभाऊ. त्यांच्याकडंही खजिना निघाला. तिथं बायाबापड्या तोंडाला झाडाच्या खोडाचा गार लेप लावतात, पुरुष लुंगी नेसतात, आणि नव्या वर्षाला एकमेकांवर पाणी ओततात. "मोठा सायब आला तरी सोडत न्हाईत," आकाराम म्हणाले, "आमचा कर्नल लय चिडला. मग त्यालाबी भिजवला." बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "पयल्या पानावर आमीच न्हवं?"

मला त्या गावाची रीत माहीत असती तर मी तिथंच पोटदुखीचं सोंग घेतलं असतं. गावच्या जत्रेत पालखीचा पुढचा दांडा वरच्या आळीचा आणि निशाण खालच्या आळीचं. नारळ कोण फोडणार, गुलाल कुणावर आधी पडणार, अंगारा कुणी कुणाला लावायचा, हे सगळं आजोबा-पणजोबांनी डोकी फोडून घेऊन ठरवलेलं. त्यात आता 'विश्वांगण'चं पहिलं पान ही नवीनच गोष्ट आली होती आणि तिचा मान अजून कुणाला लागलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत गावात इटलीवाले आणि ब्रह्मदेशवाले असे दोन तट पडले.

मी शिकलेल्या माणसासारखा तोडगा काढला. म्हटलं, आपण अक्षरांच्या क्रमानं जाऊ. 'इ' आधी, 'ब' नंतर. आकाराम म्हणाले, "मग मानसांची नावं घ्या की. 'आ' आधी का 'ह' आधी?" मी वही मिटली. त्या दिवशी वरच्या आळीनं, कृष्णातच्या घरासकट, मला जेवायला बोलावलं नाही, कारण मी खालच्या आळीत चहा घेतला होता. खालच्या आळीनंही बोलावलं नाही, कारण मी वरच्या आळीत जेवणारच असं त्यांनी धरलं होतं. जेवायच्या वेळी आलेल्या पाहुण्याचं काय करतात, या विषयावर मासिक काढणारा संपादक शेंगा खाऊन एसटीत बसला. हंबीरराव तर माझ्याशी बोलेनातच. पहिल्या पानाचा निकाल लागेपर्यंत इटलीचा एकही शब्द मिळणार नाही, असा निरोप त्यांनी कृष्णातकडून पाठवला. राहीबाईंचा प्रश्न तसाच राहिला.

मी गुपचूप इटली पहिल्या पानावर आणि ब्रह्मदेश मधल्या पानांवर लावून मजकूर छापखान्यात दिला. गुपचूप म्हणजे मी आणि कृष्णात, आणि अर्थातच त्याचं गाव. मजकूर छपाईला चढला त्या दिवशी दोन्ही आळ्यांचे चार-चार प्रतिनिधी सकाळच्या गाडीनं सांगलीत हजर. छापखान्याचे मालक नाथाजी यांनी मोठ्या टेबलावर पहिला ओला कागद पसरला. आता छापखान्यात एका मोठ्या कागदावर आठ पानं एकदम छापतात, आणि घडी घातल्यावर ती सरळ यावीत म्हणून निम्मी पानं सुलटी तर निम्मी उलटी लावतात. हे नाथाजींना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. प्रतिनिधींना ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं.

वरची आळी टेबलाच्या ज्या अंगाला उभी होती, तिथून इटली डोकं खाली पाय वर दिसत होती.

"आमची इटली उलटी टांगली!" एकजण ओरडला.

समोरून खालची आळी ओरडली, "आन् आमचा ब्रह्मदेश? ह्यो बगा, शीर्षासन करतुय!"

नाथाजींनी कागदाची घडी घालून दाखवायचा प्रयत्न केला, पण घडी घालताना ब्रह्मदेश आत गेला, तेव्हा खालच्या आळीनं कागदच धरून ठेवला. दोन्ही बाजूंनी फक्त जागा बदलल्या असत्या तर दोघंही खूश होऊन घरी गेले असते. पण जागा सोडायची म्हणजे आधी कुणी सोडायची, हा पुन्हा मानाचाच प्रश्न होता. शेवटी कागद फाटला. नाथाजींनी यंत्र बंद केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की गावाचा निकाल लागल्याशिवाय ते या कामाला हात लावणार नाहीत. त्यांचं यंत्र नवीन होतं.

गॅदरिंग तोंडावर आलेलं. खो-खोच्या कप्तानानं खोलीत चुन्याचं पोतं आणूनही ठेवलं. मी आणि कृष्णात पुन्हा गावी गेलो. देवळात बैठक बसली. सरपंच मध्ये, दोन्ही आळ्या दोन्हीकडं, आणि मी खांबाला टेकून आरोपीसारखा उभा. दोन्ही तट आपापले लेख परत मागत होते. ते दिले असते तर 'विश्वांगण'च्या पहिल्या अंकात माझं संपादकीय आणि कुडची एवढंच उरलं असतं.

हंबीरराव म्हणाले, "इटलीत आमी रगत सांडलंय." आकाराम म्हणाले, "आमी काय ब्रह्मदेशात हळदीकुंकवाला गेल्तो व्हय?" आवाज चढत गेले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं राहीबाई उठल्या. देवळातल्या बैठकीत बाई बोलल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले.

"पान कुनालाबी द्या," राहीबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय पानाचं? दादा, तुमी हुता तितं. माज्या मालकाचं काय केलं, तेवढं सांगा. इतकी वरसं झाली, मी दारावरनं जाते, तुमी तोंड फिरवता. का फिरवता?"

हंबीररावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता हे म्हशीची धार काढायला उठणार. पण ते उठले नाहीत.

"थंडीचं दिस हुतं," ते म्हणाले. "चिखूल गुडघ्यापतूर. गुंडा नदीच्या कडंला पडला. सायब म्हनला, पुरा आन् चला. मी म्हनलं, आमच्यात अग्नी देत्यात. सायब म्हनला, आन मग लाकडं. लाकडं कुठली? सगळं रान भिजल्यालं. आमी ज्या घरात उतरलो हुतो, तितल्या म्हातारीला मी हातानं करून दावलं. गडी मेलाय, जाळायचाय. ती नुसती बगत राहिली. त्यांच्यात जाळत न्हाईत. मग ती मला घरामागं परड्यात घिऊन गेली. तिची द्राक्षाची बाग हुती. नवा मांडव घालायला खांब करून छपराखाली रचल्यालं, चांगलं वाळल्यालं. म्हनली, घ्या. सगळं घ्या."

हंबीरराव जमिनीकडं बघत होते.

"आन् अग्नी मी दिला. गुंडा खालच्या आळीचा. अग्नीचा मान त्यांच्या भावकीचा. आकाराम ब्रह्मदेशात, दुसरं कुनी न्हाई. मी वरच्या आळीचा मानूस, मी दिला. परक्याचं सरपण, परक्याचा हात. राहीला कुठल्या तोंडानं सांगू? खालच्या आळीला काय सांगू? म्हनून बोललो न्हाई."

वही हातात होती, पण लिहावंसं वाटेना. कृष्णात माझ्या शेजारी उभा होता, त्यानं माझा दंड धरला होता.

आकाराम हळूहळू उठले. देवळाच्या मधोमध आले, आणि एवढं भांडण पेटवणारा तो माणूस हंबीररावांच्या पुढ्यात खाली बसला.

"हंबीर, माजं काम केलंस तू," ते म्हणाले. "आन् मी पानासाठी भांडतुय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "संपादक, इटली घ्या फुडं. ब्रह्मदेश यील मागनं."

पुढं सगळं रीतसर झालं. अंक गॅदरिंगच्या आधी निघाला, आमची खोली वाचली, लीलाबाईंनी कौलावरच्या टोमॅटोंचं पान गल्लीभर वाचून दाखवलं, आणि वडिलांनी अंक ऑफिसात नेला, तो चुकून नेल्याचं दाखवत. पण मला सांगायचं आहे ते त्या देवळातलंच. सगळ्यांना वाटलं बैठक संपली. माणसं धोतर झटकून उठायला लागली. राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हंबीररावांना विचारलं, "दादा, त्या म्हातारीनं मग मांडव कशावर घातला?"

हंबीरराव गडबडले. "आता ते काय... आमी दुसऱ्या दिवशी फुडं गेलो."

"न्हाई, पर खांब तर सगळं दिलं तिनं. मी पलूसला बागंत जाते कामाला, मला ठावं हाय. मांडव न्हाई म्हंजी येल भुईला. ते साल गेलंच की तिचं."

उठलेली माणसं पुन्हा बसली. कुणीतरी म्हणालं, तिकडं बांबू असेल का? आकाराम म्हणाले, बांबू ब्रह्मदेशात, इटलीत कुठला. सरपंच म्हणाले, तुतीवरबी येल चढत्यात. वरच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला, तारा वडल्या असतील, लढाईनंतर काटेरी तार रग्गड पडल्याली असती. त्यावर खालच्या आळीतून कुणीतरी विचारलं, काटेरी तारेनं येलाला इजा न्हाई का व्हायची? मी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होतो. जगातल्या कुठल्याशा परड्यातली एक बाग उभी राहिली की नाही, याची इतक्या मनापासून काळजी करणारी माणसं मला त्याआधी आणि त्यानंतरही एका जागी भेटली नाहीत. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. संपादक म्हणून मला ते माहीत असायला हवं होतं.

राहीबाईच मग म्हणाल्या, "दिलं असतील कुनीतरी तिलाबी. तितंबी शेजारीपाजारी असत्यातच की." आणि त्या गुरांना पाणी दाखवायला घरी गेल्या.